तांबडं पाणी आणि पेपरातलं इंग्रजी

आमच्या गावच्या देवळातली फंडपेटी फोडली गेली, त्या गोष्टीला आता काही वर्षं झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी नाक्यावरच्या हॉटेलात भाजी-पाव खायला जमलेल्या मंडळींत दुसरा विषय नव्हता. पेटीत किती असतील, कुलूप कसं तोडलं, पुजारी कुठे होता. एवढ्यात गावचे निवृत्त पोस्टमन आले, चहाचा ग्लास हातात घेतला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "राती देवळांत मिस्क्रिअंट्स आयिल्ले."

मिस्क्रिअंट्स! चोर नव्हे, चोरटे नव्हे. मराठीत या जातीच्या माणसासाठी शब्दांची काय वाण आहे? चोर, भुरटा, उचल्या, भामटा, दरोडेखोर. प्रत्येकाची पायरी वेगळी, हुद्दा वेगळा! पण आमचे पोस्टमनकाका मराठी चौथीपर्यंत शिकलेले, आणि त्यांना नेमका हा शब्द सुचला. गंमत म्हणजे ऐकणाऱ्यांपैकी कुणालाही तो खटकला नाही. "खंयचे आसतले?" एवढंच कुणीतरी विचारलं.

हा शब्द काकांना शाळेत कुणी शिकवला नव्हता. पोस्टातही नव्हे. त्या हॉटेलात दोन पेपर येतात, एक मराठी आणि एक इंग्रजी. मराठी पेपराची पानं लोक वाटून घेतात, इंग्रजी पेपर बहुतेक वेळा काकांच्या वाट्याला अख्खा येतो. चाळीस वर्षं ते रोज सकाळी तो वाचत आलेत. इंग्रजी त्यांना तिथे मिळालं. आणि त्या पेपरात चोर नसतातच मुळी, मिस्क्रिअंट्स असतात.

तेव्हापासून हा नाद लागला. कोण कुठला इंग्रजी शब्द बोलतो आणि तो त्याच्या तोंडात आला कुठून, हे मनातल्या मनात नोंदत बसायचं. सरकारी कचेरीत वेळ कसा जातो असं लोक विचारतात, त्यांना हे एक उत्तर!

गोव्यातल्या इंग्रजीची गोष्ट तशी उर्वरित भारताहून निराळी. आपल्याकडे साहेब इंग्रज नव्हता. साडेचारशे वर्षं दरबारची भाषा पोर्तुगीज. इंग्रजी यायचं ते मुंबईहून, बोटीवरून, सुट्टीत गावी आलेल्या माणसाच्या ट्रंकेतून. १९६१ नंतर ते सरकारी झालं. १९६२ मध्ये 'गोमन्तक' निघाला तो मराठीत, १९६३ मध्ये 'नवहिंद टाइम्स' निघाला तो इंग्रजीत. १९०० सालापासून पोर्तुगीजमध्ये निघणारा 'ओ हेराल्दो' तर १९८३ मध्ये सरळ इंग्रजी झाला. म्हणजे बघा, इंग्रजांचं राज्य जिथे नव्हतं तिथे एका माणसाच्या हयातीत सकाळचा पेपर इंग्रजी झाला. शाळांनी इंग्रजी शिकवलं हे खरं, पण शाळेतल्या इंग्रजीत आम्ही डॅफोडिल्सबद्दल शिकलो. ते फूल आमच्यापैकी कुणी पाहिलं नव्हतं आणि त्यातला एकही शब्द पुढे कदंबच्या तिकीट खिडकीवर उपयोगी पडला नाही. रोजच्या वापराचं इंग्रजी आलं ते पेपरातून, रेडिओवरून आणि मागाहून टीव्हीवरून.

माझे वडील मराठी सातवी. त्यांचं सगळं इंग्रजी क्रिकेटच्या धावत्या वर्णनाचं. कसोटी सामना असला की ट्रान्झिस्टर कानाला. जेवताना आई आणखी भात वाढायला आली की पानावर हात आडवा धरून ते म्हणायचे, "वेल लेफ्ट!" कुणी फार बाता मारायला लागला की "नो बॉल". शेजारचे एक गृहस्थ वारले, तेव्हा घरी येऊन हळू आवाजात एवढंच म्हणाले, "गुड इनिंग्ज". त्या माणसानं ब्याऐंशी वर्षं काढली होती. इंग्रज माणूसही अशा वेळी हेच म्हणतो, हे मला पुष्कळ नंतर कळलं. बाबांना रेडिओनं तो वाक्प्रचार योग्य जागेसकट दिला होता.

आणि हे फक्त आपल्यासारख्या उसन्या इंग्रजीवाल्यांचं होतं असं समजू नका. खुद्द इंग्लंडातसुद्धा बीबीसीनं १९२६ मध्ये एक समिती नेमली होती, कुठला शब्द कसा उच्चारायचा ते ठरवायला. कवी रॉबर्ट ब्रिजेस तिचे अध्यक्ष, त्यांच्यानंतर बर्नार्ड शॉ. रेडिओवर जे बोललं जाईल तेच घराघरात जाणार, हे त्यांनी ओळखलं होतं. १९४१ मध्ये युद्धाच्या काळात विल्फ्रेड पिकल्स नावाचा यॉर्कशरचा माणूस आपल्या गावच्या हेलात बातम्या वाचायला लागला तेव्हा पुष्कळ श्रोत्यांना ते रुचलं नाही. बातमी तीच, पण त्या हेलात ती खरी वाटेना! ऐकून ऐकून लोकांना खरेपणाचाही एक ठरावीक आवाज लागतो, तो असा.

तर शब्द मिळाले, याबद्दल माझी तक्रार नाही. इंग्रजी शब्दांनी मराठी बाटली वगैरे ओरड करणाऱ्यांतला मी नव्हे. गोव्याच्या मराठीत पोर्तुगीज शब्द काय थोडे आहेत? जनेल, मेज, कदेल, पाव. त्यांच्यावाचून आमचं घर उभं राहायचं नाही. माझी तक्रार वेगळी आहे आणि ती मला माझ्या टेबलावर सापडली.

पेपरातलं इंग्रजी कसं घडतं ते आधी बघा. मथळ्याची जागा अरुंद. 'इन्व्हेस्टिगेशन' हा लांबलचक शब्द तिथे मावत नाही, म्हणून 'प्रोब'. अटक झाली तर 'नॅब्ड' किंवा 'हेल्ड'. टीका केली तर 'स्लॅम्ड'. खिळे जुळवणाऱ्याच्या सोयीसाठी निघालेले हे तोकडे शब्द. ते आता बोलण्यात आलेत. आठवीतला माझा भाचा घरी येऊन सांगतो, "टीचरनं मला स्लॅम केलं." बिचाऱ्या बाईंनी एवढंच म्हटलं होतं की वही आण.

मथळ्याखालचा मजकूर येतो तो मात्र आमच्याकडून. म्हणजे सरकारी कचेऱ्यांकडून, पोलीस ठाण्यांकडून. संध्याकाळी प्रेस नोट जाते. तिच्यात आमची जुनी, पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली भाषा असते. 'अॅब्स्काँडिंग', 'मिस्क्रिअंट्स', 'इररेग्युलॅरिटीज', 'अॅप्रोप्रिएट अॅक्शन'. वार्ताहराला घाई असते. रात्री पान लागायचं असतं. तो दोन वाक्यं पुढेमागे करून ती नोट तशीच देतो. सकाळी ती हॉटेलात काकांच्या हातात पडते. आणि चार दिवसांनी कोर्ट फी स्टँप लावून, हिरव्या शाईत सही करून, ती माझ्या टेबलावर परत येते. अर्जाच्या रूपात! 'आय रिक्वेस्ट यू टु टेक अॅप्रोप्रिएट अॅक्शन अगेन्स्ट द इररेग्युलॅरिटीज.' आमच्याच घरचं पीठ, आमच्याच दारात भाकरी होऊन. सुरुवातीला मला याचं हसू यायचं.

मग २०१० च्या पावसाळ्यात एक म्हातारे गृहस्थ आले. खाणपट्ट्यातल्या एका गावचे. अंगात सदरा, खांद्यावर टॉवेल, छत्रीतून पाणी गळतंय. हातात टाइप केलेला अर्ज. मी वाचला. इंग्रजीत होता आणि व्याकरणाची एकही चूक नव्हती. 'रॅम्पंट मायनिंग अॅक्टिव्हिटी', 'एन्व्हायर्न्मेंटल डिग्रेडेशन', 'अॅडव्हर्स इम्पॅक्ट ऑन द लाइव्हलीहूड ऑफ लोकल्स', शेवटी 'अॅप्रोप्रिएट अॅक्शन'. त्या महिन्यात असे कितीतरी अर्ज आले होते. सगळे जणू एकाच हातानं लिहिलेले. खरं म्हणजे ते तसे होतेही, कारण त्या वेळी खाणींच्या बातम्या रोजच पहिल्या पानावर असायच्या आणि टायपिस्ट पेपर समोर ठेवून मजकूर काढायचा. याच्याही पोराने पेपरातलं कात्रण नेऊन टाइप करून आणलं होतं.

मी शिक्का मारला, पोचपावती दिली. म्हातारा हलेना. म्हणाला, "सायबा, तातूंत म्हजे बांयचें बरयलां मू?" माझ्या विहिरीचं लिहिलंय ना त्यात?

मी अर्ज पुन्हा वाचला. विहीर हा शब्द त्यात कुठेच नव्हता.

"आबा, विहिरीचं काय झालं?" मी विचारलं.

त्यांनी सांगितलं ते असं. वरच्या अंगाला खाणीचा डंप आहे. पाऊस पडला की मातीचा लोट खाली येतो. "पावस पडलो काय बांयचें उदक तांबडें जाता. तातूंत शीत रांदलें जाल्यार शीत लेगीत तांबडें." भात तांबडा होतो. सून दिवसातून दोनदा दुसऱ्या वाड्यावरून पाणी आणते आणि ती पोटुशी आहे. विहीर त्यांच्या आजोबांनी खोदलेली, कधी आटली नव्हती. तीन वर्षांपासून हे चाललंय.

दोन मिनिटं लागली सांगायला. त्या दोन मिनिटांत साल होतं, जागा होती, कारण होतं, कुणाला काय त्रास होतोय ते होतं. पाहणीला माणूस पाठवायचा तर तो कुठे पाठवायचा हेसुद्धा होतं. आणि टाइप केलेल्या पानभर इंग्रजीत यातलं काहीही नव्हतं. 'एन्व्हायर्न्मेंटल डिग्रेडेशन'ची पाहणी करायला कुठल्या वाड्यावर जायचं?

त्या अर्जाचं पुढे काय झालं तेही सांगतो. वरच्या टेबलावर तो इतर अर्जांबरोबर एकत्र नत्थी झाला. मजकूर सारखा, तेव्हा विषयही सारखा, उत्तरही एकच. हे काही दुष्टपणानं झालं नाही, कामाची पद्धतच तशी. वेगळी दिसणारी तक्रार वेगळी हाताळली जाते, एकसारख्या दिसणाऱ्या एका सुतळीत बांधल्या जातात. मीच टिपणी लिहिली : 'द अॅप्लिकंट हॅज अलेज्ड दॅट...' पंधरा दिवसांनी आबा परत आले तेव्हा मी त्यांना मराठीत समजावलं की तुमचा आरोप वर पाठवला आहे. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "आरोप? उदक तांबडें हो आरोप?"

आता 'अलेज्ड' हा शब्द वाईट नाही. कोर्टात सिद्ध होईपर्यंत कुणाला गुन्हेगार म्हणू नये, ही सभ्यता त्यात आहे, आणि पेपरवाल्याला तर बदनामीच्या खटल्याचं भय असतं. पण तो शब्द वाचून वाचून आमच्या बोटांत इतका मुरलाय, की डोळ्यांनी दिसणाऱ्या पाण्यालाही आम्ही तो लावतो. हे मी लिहिलं होतं, दुसऱ्या कुणी नव्हे.

मग २०१२ उजाडलं. शाह आयोगाचा अहवाल सप्टेंबरमध्ये संसदेत आला, गोवा सरकारनं खाणी थांबवल्या, ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला. त्याआधी, २०१०-११ मध्ये, गोव्यातून पाच कोटी टनांहून अधिक खनिज निर्यात झालं होतं. एवढ्याशा गोव्यातून! आयोगानं नुकसानीचा अंदाज दिला सुमारे पस्तीस हजार कोटी रुपयांचा. टीव्हीवर तो आकडा तांबड्या पट्टीत फिरायला लागला आणि त्याच्या शेजारी एक शब्द : स्कॅम. मायनिंग स्कॅम.

हा शब्द आपल्याकडे रुळला १९९२ च्या शेअर बाजार घोटाळ्यापासून. हर्षद मेहता प्रकरण. तेव्हापासून पेपरात दर वर्षी एखादा स्कॅम असतोच. पण स्कॅम म्हटलं की काय गेलं? पैसा गेला. कुणाचा? सरकारचा. कोण पकडला जाणार? ज्यानं पैसा खाल्ला तो. हा शब्द आला तेव्हा हा सगळा हिशोब सोबत घेऊन आला. आमच्या नाक्यावरच्या हॉटेलात सहा महिने चर्चा चालली ती पस्तीस हजार कोटींची. कुणी म्हणे खरा आकडा आहे, कुणी म्हणे फुगवलाय. कुणी पैसे परत आणायच्या गोष्टी करत होता. खाणपट्ट्यातली माणसंही त्यात होती. ज्यांच्या विहिरी गढूळ झाल्या, शेतात चिखल साचला, तेही स्कॅमच बोलत होते. पाणी या शब्दाचा त्यात मागमूस नव्हता. पेपरांनी विहिरींच्या बातम्या दिल्या नाहीत असं मी म्हणणार नाही, आतल्या पानांवर त्या होत्या, चांगल्या होत्या, आणि देणाऱ्यांनी जोखीम पत्करून दिल्या. पण तोंडात बसतो तो मथळा. आणि मथळ्यात विहीर मावली नाही.

माझी तक्रार ती हीच. तयार शब्दाबरोबर तयार विचार येतो, आणि आपल्याला वाटतं की तो आपलाच आहे.

दुसरं एक उदाहरण याहूनही जुनं आणि वाईट आहे. 'ईव्ह-टीझिंग'. आपल्या देशातल्या इंग्रजी पेपरांनी हा शब्द इतका चालवला की तो खरा इंग्रजी आहे असं माझी पिढी समजत होती. ईव्ह म्हणजे बायबलमधली हव्वा, तिची थट्टा-मस्करी. ऐकायला कसं, एखाद्या सिनेमातला प्रसंग! बसमध्ये पोरीच्या अंगाला हात लावणं, कॉलेजपासून घरापर्यंत पाठलाग करणं, हे सगळं त्या मस्करीच्या पोटात. चेन्नईत १९९८ मध्ये अशा 'मस्करी'त एका कॉलेजच्या मुलीचा जीव गेला. त्यानंतर तमिळनाडूनं कायदा केला, तर त्याच्या नावातही तोच शब्द. पेपरातून थेट कायद्याच्या मथळ्यावर! पुढे त्या कायद्याचं नाव बदललं. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं याविषयी कडक निर्देश दिले, तेही याच शब्दात. अखेर २०२३ च्या ऑगस्टमध्ये न्यायालयानं न्यायाधीश-वकिलांसाठी पुस्तिका काढली, त्यात हा शब्द टाळून सरळ रस्त्यावरचा लैंगिक छळ म्हणा असं सुचवलं. मधली इतकी वर्षं हा शब्द बिनबोभाट चालला. त्या वर्षांत किती मुलींनी घरी येऊन सांगितलं असेल, आणि किती बापांनी "ईव्ह-टीझिंग तर आहे" म्हणून पुन्हा पेपर उघडला असेल? छळ म्हटला असता तर त्याला खुर्चीवरून उठावं लागलं असतं.

आता थोडं आपल्या घरचं. सुशेगाद. पोर्तुगीज 'सोसेगादो'पासून आलेला हा शब्द, अर्थ शांत, निवांत. आमच्या लहानपणी तो रोजच्या वापरातला होता पण त्याचा कुणी झेंडा केला नव्हता. पहाटे रापण ओढून आलेला माणूस दुपारी सुशेगाद पडायचा. लग्नाचं कार्य आटोपलं की यजमान म्हणायचा, आता सुशेगाद झालो. म्हणजे आधी राबणं आहे, मग सुशेगाद आहे. काम संपल्याशिवाय हा शब्द वापरताच यायचा नाही.

मग पर्यटनाच्या जाहिराती आल्या, इंग्रजी मासिकांची रविवारची पानं आली, टीव्हीवरचे प्रवासाचे कार्यक्रम आले. त्यांनी हा शब्द उचलला, इंग्रजीत नेला आणि आधीचं राबणं गाळून टाकलं. उरलं ते सुसेगाद लाइफस्टाइल. झोपाळा, बीअर, समुद्र. त्याला हिंदी सिनेमाची जोड होतीच. १९७३ च्या 'बॉबी'मधल्या जॅक ब्रागांझापासून गोव्याचा माणूस म्हणजे हातात बाटली आणि वाक्याच्या शेवटी 'मॅन'. २००१ मध्ये 'दिल चाहता है' आला आणि शापोऱ्याच्या किल्ल्याला पर्यटक सिनेमाच्याच नावानं ओळखायला लागले. आता मोबाइलवरच्या रील्समध्ये तर नुसते 'गोवा व्हाइब्ज'. त्यांचं मला एवढं वाटत नाही. बाहेरच्याला आपण कसे दिसतो ते त्याचं तो बघेल. वाईट वाटतं ते आपल्या पोरांच्या तोंडी हे आलं त्याचं. ओळखीतला एक मुलगा, चांगला शिकलेला, नोकरीच्या मुलाखतीला गेला. कुठले विचारल्यावर हसून म्हणाला, "गोवा सर, वी आर सुसेगाद पीपल." समोरच्याने काय समजायचं? "गोवेकर सुशेगाद, म्हणून कामाला बाहेरची माणसं लागतात," हे वाक्य आता हॉटेलमालकांच्या तोंडी आहे, कंत्राटदारांच्या तोंडी आहे. आपणच त्यांना विनोदानं ते पुरवतो. त्या पोराचा आजा पाडेली होता, माडावर चढून चढून त्याच्या छातीला घट्टे पडले होते. शब्द मात्र नातवाला जाहिरातीतून मिळाला, आज्याकडून नव्हे.

कुणी म्हणेल, कारकुनाला काय, सगळ्यात खोट दिसणार. तर दुसरी बाजूही सांगतो, कारण ती मला रोज भोगावी लागते! आरटीआय. गोव्यानं माहिती अधिकाराचा स्वतःचा कायदा १९९७ मध्येच केला होता. पण तेव्हा तो कुणाला ठाऊक होता? वकिलांना, पत्रकारांना. २००५ चा केंद्राचा कायदा आला आणि पेपरांनी, टीव्हीनं ही तीन इंग्रजी अक्षरं इतकी घोकली, की आज फुलं विकायला बसणारी बाईसुद्धा पंचायतीत जाऊन सांगते, "आरटीआय घालीन हां!" कायद्याचं कलम तिला माहीत नाही, असायचं कारणही नाही. तीन अक्षरं ऐकून सेक्रेटरी खुर्चीत सरळ बसतो. 'माहिती अधिकार' या आपल्या शुद्ध मराठी नावाला एवढी धार कधी आली नाही, हे मी मराठीचा अभिमानी असूनही कबूल करतो. म्हणजे प्रसारमाध्यमांनी दिलेला शब्द माणसाला दुबळाच करतो असं नाही. या शब्दानं बाईच्या हातात काठी दिली. फरक एवढाच मला दिसतो, की आरटीआय म्हटल्यावर पुढे विचारावं लागतं : कशाची माहिती, कुठल्या तारखेची, कुठल्या रस्त्याची. तो शब्द तिला तपशिलाकडे नेतो. स्कॅम म्हटल्यावर कुणी पुढे काही विचारत नाही.

अलीकडे अर्जांचा नमुना बदललाय. पूर्वी टायपिस्ट पेपर समोर ठेवायचा, आता मजकूर व्हॉट्सअॅपवर तयार येतो. नाव आणि गाव घालायला ठिपके सोडलेले असतात. कधी कधी लोक ठिपकेही भरायला विसरतात. इंग्रजी मात्र पूर्वीपेक्षा झोकदार, टीव्हीवरच्या रात्रीच्या वादात असतं तसं. मागच्या महिन्यात एका बाईंच्या अर्जात 'द नेशन वाँट्स टु नो' होतं. विषय : वाड्यावरचा बंद पडलेला नळ.

आबांच्या त्या खेपेनंतर मी एक सवय लावून घेतली. अर्ज हातात घेतला की तो वाचण्याआधी विचारतो, "कितें जालां तें पयलीं सांगात." कोकणीत सांगतात, मराठीत सांगतात. मग त्यातलं गाव, वाडा, साल, काय मोडलं, कोण आजारी, असं मी अर्जाच्या समासात पेन्सिलीनं लिहितो. त्या नळाच्या अर्जावर लिहिलं : चार घरं, मे महिन्यापासून, एक म्हातारी अंथरुणाला. वरून फाइल परत आली तेव्हा आत चिठ्ठी होती, समासात खाडाखोड करू नये. मी पेन्सिल खोडली आणि तोच मजकूर वेगळ्या कागदावर मराठीत लिहून जोडला. आता त्या कागदाला क्रमांक कुठला द्यायचा, यावर फाइल अडली आहे.